वणीच्या कापसाला समुद्र दाखवणारा जलमार्ग

केंद्र सरकारच्या २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांची यादी आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा त्यात असणारच. पण यादी वाचत ७८ व्या क्रमांकापर्यंत आले की यवतमाळकर वाचक थबकतो. तिथे पैनगंगा–वर्धा नदीप्रणालीचे नाव आहे, लांबी २६५ किलोमीटर. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिणेची सीमा पैनगंगेने आखली आहे आणि पूर्वेची वर्धेने. म्हणजे कागदोपत्री का होईना, हा जिल्हा राष्ट्रीय जलमार्गाच्या काठावर वसलेला आहे.

चैत्र-वैशाखात ज्यांनी या नद्या पाहिल्या आहेत त्यांना हे पटणे अवघड जाईल. पैनगंगेचे पात्र तेव्हा खडकांमधल्या डोहांपुरते उरते. उमरखेड तालुक्याच्या सीमेवर सहस्रकुंडाचा प्रसिद्ध धबधबा आहे. पावसाळ्यात त्याचा आवाज दुरून ऐकू येतो, उन्हाळ्यात मात्र काळा कातळ उघडा पडलेला दिसतो. वर्धेचीही तीच तऱ्हा. वणी आणि वरोरा यांच्यामध्ये पाटाळ्याचा पूल आहे. मे महिन्यात त्याच्या खाली वाळू आणि पाण्याच्या बारीक धारा असतात, आणि जुलै २०२२ च्या पुरात हाच पूल पाण्याखाली गेला होता. एकच नदी वर्षातून दोन रूपे घेते. तिच्यावर बोटी चालवण्याचा विचार ज्यांनी ज्यांनी केला त्यांची गाठ या दोन रूपांशी पडली.

हा विचार २०१६ साली प्रथम झाला असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांवाटे थेट बंगालच्या उपसागरापर्यंत नेण्याचा बेत ठरला होता. त्यासाठी बंधारे घातले गेले, कालवे खोदले गेले, नदीकाठच्या मुलखाचा एक नवा जिल्हा झाला, आणि एका राजाशी करारसुद्धा झाला. १८७१ साली हे सगळे अर्ध्यावर सोडून देण्यात आले. विदर्भाच्या शालेय इतिहासात या योजनेला जागा नाही. ती मिळायला हवी, कारण विदर्भाची बाजारपेठ पश्चिमेकडे तोंड करून का उभी राहिली, याचे निम्मे उत्तर या फसलेल्या जलमार्गात आहे.

भूगोलाचा कल उलटा, म्हणजे पूर्वेकडे आहे. मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या पठारावर तापी आणि वर्धा या दोन्ही नद्या उगम पावतात. तापी पश्चिमेला सुरतेकडे जाते, वर्धा आग्नेयेला वळते. यवतमाळ जिल्ह्यातले सगळे पाणी वर्धेच्याच घरचे. बेंबळा थेट वर्धेला मिळते, तर पूस, अरुणावती आणि अडाण पैनगंगेला. पुढे वणी तालुक्याच्या टोकाला जुगादजवळ पैनगंगाही वर्धेत येते. समोरच्या चंद्रपूरच्या काठावर वढा हे तीर्थक्षेत्र आहे. तिथून खाली वर्धा वैनगंगेला भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता ११३ किलोमीटर वाहून सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी पापीकोंडाच्या डोंगरांमधून वाट काढत राजमहेंद्रीला पोचते आणि मग समुद्राला. यवतमाळच्या शिवारात पडलेला पावसाचा थेंब वाहिलाच तर काकिनाड्याच्या बाजूच्या समुद्रात जातो, मुंबईच्या नव्हे.

माल मात्र या वाटेने जात नव्हता. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे एका वाटेने मिर्झापूरकडे जात आणि दुसऱ्या वाटेने घाट उतरून मुंबईकडे. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला धाडायला सुरुवात केली, तीही बैलांवरच. काळ्या मातीच्या वाटेवर पाऊस पडला की बैलाचे पाय रुततात, म्हणून हा सगळा खटाटोप मृगाच्या आत संपवावा लागे. वाटेत धूळ बसून कापूस मळायचा. एखादी अवकाळी सर आली की गोण्या भिजून वजनाने दुप्पट व्हायच्या. वाटेवर चारा-पाणी मिळाले नाही तर बैल मरायचे. हिंगणघाटच्या कापसाला व्यापाऱ्यांमध्ये मोठा मान होता, पण तो बंदरावर पोचेपर्यंत त्याच्या किमतीत वाहतुकीचा खर्च केवढा चढलेला असे, हे या वर्णनावरून कळेल.

१८५३ साल या कथेतले वळण आहे. त्या वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. नागपूर खालसा झाले. कापसाचा हा सगळा काळा पट्टा एकाच सत्तेखाली आला. तिकडे लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर जगत होत्या आणि तो पुरवठा कधी तुटेल याची मँचेस्टरच्या गिरणीमालकांना धास्ती होती. १८५७ मध्ये त्यांनी कापूस पुरवठ्यासाठी एक संघच काढला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि त्यांची भीती खरी ठरली. वऱ्हाडचा कापूस समुद्राकडे लवकर आणि स्वस्तात कसा आणायचा, हा प्रश्न तेव्हा लंडनच्या संसदेतही गाजत होता.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे आहे, असे मद्रास इंजिनिअर्सचे आर्थर कॉटन ठामपणे सांगत होते. कॉटन यांचा जन्म १८०३ चा. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे त्यांनी १८४७ ते १८५२ या पाच वर्षांत गोदावरीवर बंधारा बांधला. बंधारा उंचीला बारा फूटच, पण नदीचे पात्र तिथे अतिविशाल आहे. दगडी कामाचीच लांबी साडेतीन किलोमीटरांहून अधिक भरली. त्यातून काढलेल्या मुख्य कालव्यांची लांबी पुढे वाढत जाऊन सुमारे ८०० किलोमीटर झाली आणि हे सगळे कालवे शेतीला पाणी देत असतानाच बोटींच्या वाहतुकीलाही खुले होते. दुष्काळ आणि पूर यांच्या कचाट्यात सापडलेला गोदावरीचा त्रिभुज प्रदेश एका पिढीत भाताचे कोठार झाला. तिथले शेतकरी आजही कॉटन यांचे नाव आदराने घेतात. जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९८२ साली नवा बांध पूर्ण झाला, त्यालाही त्यांचेच नाव आहे.

कॉटन यांचे म्हणणे असे की आगगाडीपेक्षा पाण्यावरची वाहतूक भारताला कितीतरी स्वस्त पडेल. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. कच्च्या रस्त्यावर चाकाला सतत घर्षणाशी झगडावे लागते. स्थिर पाण्यात तरंगणाऱ्या बोटीला हळू वेगात फारच थोडा विरोध होतो. युरोपातल्या कालव्यांत काठावरून चालणारा एकच घोडा पंचवीस-तीस टनांची बोट दोरीने ओढून नेई, तर गाडीला जुंपलेला तोच घोडा टनभर ओझ्याला दमत असे. धवळेश्वरमखालच्या कालव्यांत शिडाच्या आणि दोरीने ओढायच्या बोटी अशाच चालत. १८६४ मध्ये गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही नद्यांचे कालवे एकमेकांना जोडले गेले. पुढे दक्षिणेला किनाऱ्यालगत बकिंगहॅम कालवा झाला आणि काकिनाड्याची बोट समुद्रात न जाता आतल्या पाण्यानेच मद्रासपर्यंत जाऊ लागली. हाच मार्ग वरच्या अंगाला, वऱ्हाडपर्यंत वाढवायचा, असा कॉटन यांचा ध्यास होता.

वाट मात्र सोपी नव्हती. राजमहेंद्रीपासून वर जाताना कठीण खडकाचे पट्टे नदीला आडवे येतात. असे तीन मोठे अडथळे इंजिनिअरांनी निश्चित केले होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेमला. दुसरा गोदावरीला इंद्रावती मिळते त्याच्या खाली, इंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेवर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यात देवलमरीला. दोन अडथळ्यांच्या मध्ये नदी बरीच शांत आणि खोल असते. खडकांपाशी मात्र उन्हाळ्यात बोट टेकते आणि पावसाळ्यात पाणी असे उसळते की बोट फुटून जाते.

यावर तोडगा काय काढला, तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण अंतर्गत जलवाहतुकीचे सगळे मर्म त्यात आहे. खडकांच्या वरच्या बाजूला नदीला आडवा बंधारा घालायचा, म्हणजे तिथले पाणी तुंबून एका पातळीला येते. बंधाऱ्याच्या कडेने एक कालवा काढून खडकांना वळसा घालायचा. कालव्यातले पाणी जवळजवळ सपाट राहते, पण नदी तेवढ्या अंतरात बरीच खाली उतरलेली असते. कालव्याच्या शेवटी बोट खालच्या नदीत कशी उतरवायची? त्यासाठी जलपाश लागतो. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. वरचे दार उघडे असताना हौदातले पाणी कालव्याच्या पातळीला असते. बोट आत आली की वरचे दार लावतात आणि खालच्या दारातली झडप उघडतात. पाणी हळूहळू निघून जाते, त्याबरोबर बोटही खाली बसत जाते. हौद आणि नदी यांची पातळी एक झाली की खालचे दार अलगद उघडते आणि बोट बाहेर पडते. वर चढवायची असेल तर हाच क्रम उलटा. यात इंजिन लागत नाही, पंप लागत नाही, वजन उचलायला पाणीच कामाला लागते. दारेही विचारपूर्वक बसवलेली असतात. दोन फळ्या मिटल्या की त्यांचा कोन पाण्याच्या वरच्या बाजूकडे टोक करून राहतो, म्हणून पाण्याचा दाब जितका जास्त तितकी दारे घट्ट बसतात. दाब दोन्हीकडे सारखा झाल्याखेरीज ती उघडतच नाहीत.

दुम्मगुडेमला असा बंधारा आणि कालवा झाला. कामावर एफ. टी. हेग हे इंजिनिअर होते. नदीच्या नौवहनक्षमतेचा अभ्यास त्यांनीच केला होता आणि तिथल्या कोया आदिवासींमध्ये ख्रिस्ती मिशन सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १८६० मध्ये निजामाशी नवा करार झाला. गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरून जाणारा माल जकातीतून मुक्त झाला. या मुलखाचा ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला, मुख्यालय सिरोंचा. आज महाराष्ट्राच्या अगदी टोकाचे, मुंबईपासून सर्वांत दूरच्या ठिकाणांपैकी एक मानले जाणारे सिरोंचा तेव्हा मोठ्या व्यापारी मार्गाचे नाके होणार होते. १८६२ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झालेले रिचर्ड टेंपल यांनी नदीचा प्रवास करून तिच्या नौवहनावर सविस्तर अहवाल लिहिला.

मग फसले कुठे?

काम चालले तो भाग दाट जंगलाचा आणि विरळ वस्तीचा. मजूर लांबून आणावे लागत आणि हिवतापाने ते आजारी पडत. पावसाळ्यात काम बंद, उन्हाळ्यात मजूर मिळेनात. एक अडथळा पार झाला तरी पुढचे दोन शिल्लकच. मधला एक जरी राहिला तरी माल उतरवून गाडीत घालायचा, पुन्हा बोटीत चढवायचा. जलमार्गाचा सगळा फायदा अखंडपणात असतो. तुटका जलमार्ग रस्त्याहूनही महाग पडतो.

पण खरी मेख दिनदर्शिकेत होती, असे या लेखकाला वाटते. वऱ्हाडात कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि माघ-फाल्गुनापर्यंत चालते. गाठी बांधून होईपर्यंत उन्हाळा लागतो. वर्धा आणि प्राणहिता भरून वाहतात त्या आषाढ ते आश्विन. म्हणजे माल तयार असतो तेव्हा नदीत पाणी नसते आणि पाणी असते तेव्हा शेतात नुसती हिरवी पऱ्हाटी उभी असते. दिवाळीनंतर वेचलेला कापूस बोटीने न्यायचा तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो गोदामात पडून राहणार. तोवर भाव कुठे जाईल हे कोणी सांगावे, आणि सावकाराचे व्याज तर थांबत नाही. कॉटन यांना ही अडचण दिसत होती. वरच्या अंगाला मोठे जलाशय बांधून त्यातले पाणी उन्हाळ्यात नदीत सोडायचे, हा त्यांचा उपाय. कल्पना चुकीची नव्हती, पण त्यामुळे खर्च आणखी कित्येक पटींनी वाढत होता आणि वेळही.

तेवढ्यात आगगाडी येऊन पोचली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला गेली. गाडीला ऋतू नव्हता. कापूस पौषात तयार झाला तर पौषातच मुंबईला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि कापसाच्या बाजारपेठेला मुख्य मार्गाशी जोडणाऱ्या फाट्याचे उद्घाटन त्यांनी केले. त्याच मेयोंच्या कारकिर्दीत, १८७१ मध्ये, वरच्या गोदावरीचे काम थांबवण्याचा निर्णय झाला. अपर गोदावरी जिल्हाही १८७४ मध्ये मोडला. भद्राचलमचा भाग मद्रासकडे गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. कॉटन यांनी शेवटपर्यंत आपला आग्रह सोडला नाही. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढेही त्यांनी जलमार्गांचीच बाजू मांडली. पण तोपर्यंत वऱ्हाडचा व्यापार मुंबईच्या दिशेने पक्का बांधला गेला होता.

यवतमाळच्या वाट्याला यातून काय आले? मुख्य रेल्वेमार्ग जिल्ह्याला वगळून उत्तरेने गेला. १९०५ च्या फेररचनेत जुन्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून नॅरोगेज आली, तीच लोकांची लाडकी ‘शकुंतला’. ती आणण्यामागेही कापूसच होता. वणी भागात कोळसा निघाला आणि तोही रेल्वेनेच जाऊ लागला. नदीवर राहिले ते लाकूड. अहेरी-सिरोंचाच्या जंगलातले सागवान पुढेही बराच काळ तराफे बांधून पुराच्या पाण्याबरोबर राजमहेंद्रीला सोडले जाई. लाकडाला ना जलपाश लागतो ना मुहूर्त, पावसाळ्याची वाट पाहत ते काठावर पडून राहू शकते. ज्या नदीने कापसाला नकार दिला तिने सागाला वाट दिली, यातच तिचा स्वभाव कळतो.

मराठी-कोकणी मुलखात पाण्यावरची मालवाहतूक खरोखर रुजलेली पाहायची तर गोव्यात जावे. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा अवघा १७ किलोमीटरांचा आहे, आणि कायद्याच्या यादीत त्याचा क्रमांक २७ आहे. खनिजाने भरलेल्या बार्जेस या नद्यांमधून मुरगाव बंदराकडे दशकानुदशके गेल्या. तिथे भरती-ओहोटीचे पाणी बारा महिने आत येते, उतार जवळजवळ नाही आणि खाणी काठापासून जवळ. हे तिन्ही योग जिथे जुळतात तिथे जलमार्ग आपसूक चालतो. दख्खनच्या पठारावर यातला एकही योग जुळत नाही.

आता २०१६ च्या यादीकडे पुन्हा वळू. पैनगंगा–वर्धेबरोबर वैनगंगा–प्राणहिता हाही राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक १०९. खालची गोदावरी काकिनाडा–पुदुच्चेरी जलमार्गात २००८ पासूनच आहे. म्हणजे कॉटन यांनी आखलेली रेषा दीडशे वर्षांनी पुन्हा कागदावर उमटली. पण दीडशे वर्षांत नदी बदलली आहे. वर्धेवर सिंभोऱ्याला उर्ध्व वर्धा धरण झाले, पैनगंगेवर इसापूर झाले, बेंबळेवर खडक सावंग्याला धरण झाले. कॉटन यांना हवे होते तसे जलाशय आज आहेत, फक्त त्यांचे पाणी शेतीला, शहरांना आणि उद्योगांना वाटून दिलेले आहे. उन्हाळ्यात बोटीसाठी नदीत सोडायला ते शिल्लक राहात नाही, आणि तहानलेल्या गावांच्या आधी बोटीला पाणी द्यावे असे कोणी म्हणणारही नाही. खालच्या अंगाला पैनगंगेवर चनाखा–कोरटा, गोदावरीवर मेडीगड्डा आणि पोलावरम अशी नवी बांधकामे आडवी उभी राहिली आहेत. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात ऑगस्ट २०१६ मध्ये यातल्या काही प्रकल्पांबाबत करार झाला, तो सिंचनासाठी.

एक गोष्ट मात्र खरी. नदीचे खोलगट, बांधाने तुंबलेले पट्टे असतात, तिथे छोट्या बोटींची वाहतूक, मासेमारी, गावांना जोडणारी नावेची सोय, पुरातल्या बचावाची तयारी हे सगळे शक्य आहे आणि ते गरजेचेही आहे. पाटाळ्याचा पूल बुडाला तेव्हा काठावरच्या गावांना मोठी जहाजे नको होती, चालू इंजिनाच्या आणि प्रशिक्षित नावाड्यांच्या चार बोटी हव्या होत्या. राष्ट्रीय जलमार्ग ही पाटी लावण्याआधी जलमार्ग प्राधिकरणाने आणि पाटबंधारे खात्याने पैनगंगा–वर्धेच्या २६५ किलोमीटरांवर महिन्यागणिक किती खोल पाणी असते, याचे मोजमाप करून ते लोकांसमोर ठेवावे. दुम्मगुडेमचा जुना बंधारा अजून जागेवर आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी तिथे जाऊन तो पाहावा आणि देवलमरीपर्यंतच्या काठाचीही पाहणी करून नोंद करावी.